झनकभाऊंच्या पिकअपचे काटे

झनकभाऊ रोज सकाळी आपल्या पिकअपच्या डॅशबोर्डाला टपली मारतात आणि मगच चहा पितात. टपली मारण्याआधी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं मीटरची काच पुसतात, किल्ली अर्धी फिरवतात, काटे जागे झाले की नाही ते वाकून पाहतात आणि शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल जाहीर करतात. "डिझल अर्धं दाखवून राहिलं, म्हंजे पाव हाये. गरमीचा काटा झोपला हाये, म्हंजे इंजिन थंड असन, नाहीतर गरम असन. स्पीड चाळीस." गाडी तेव्हा अंगणात कडुनिंबाखाली, मागच्या चाकाला दगड लावून उभी असते.

मी त्यांचा शेजारी. गोंदियाजवळच्या मुर्रीत माझं बिछायत केंद्र आहे. लग्न असो, तेरवी असो, नाहीतर कुणाकडे भागवत सप्ताहाची समाप्ती असो, मंडप, खुर्च्या, गाद्या आणि स्वयंपाकाचे मोठे गंज माझ्याकडून जातात, आणि ते झनकभाऊंच्या पिकअपमधून जातात. दुसऱ्या गाड्या मिळत नाहीत असं नाही. गोंदियात पिकअप पायलीच्या पन्नास मिळतात. पण शेजारधर्म नावाची एक गोष्ट असते, आणि झनकभाऊंच्या नाकासमोरून दुसऱ्याची गाडी भरून नेण्याची माझी छाती नाही.

गाडी जुनी आहे. किती जुनी, असं कुणी विचारलं की झनकभाऊ म्हणतात, "बैलाचं वय दातावरून, गाडीचं आवाजावरून," आणि तोंडानं आवाज काढून दाखवतात. इंजिन मात्र अजून खणखणीत. दोष सगळा त्या मीटरमध्ये. डिझेलचा काटा, इंजिनच्या गरमीचा काटा, वेगाचा काटा आणि दोन लाल दिवे, एवढाच काय तो संसार, पण एकाचं एकाशी पटत नाही. हेडलाइट लावले की डिझेल वाढतं. मी एकदा म्हणालो, "मग दिवसाही लाईट लावूनच चालवा, पंपावर जायचं कामच नाही." झनकभाऊंनी त्यावर गंभीरपणे विचार केला, हे मला आवडलं नाही. इंडिकेटर दिला की दोन्ही काटे त्याच्या टिकटिकीवर नाचतात. रस्त्यात खड्डा आला की लाल दिवा लागतो, पुढचा खड्डा आला की विझतो. नवखा माणूस शेजारी बसला तर उतरेपर्यंत देवाचं नाव घेतो.

"काट्याचं आयकून घ्या, पण मनावर घेऊ नोका," हे झनकभाऊंचं ब्रीद. ते स्वतः काट्यांवर विसंबत नाहीत. डिझेलसाठी त्यांच्याकडे बांबूची कामटी आहे. ती टाकीत बुडवायची आणि कुठवर ओली झाली ते पाहायचं. टाकीचं झाकण मात्र ते स्वतः उघडत नाहीत. जवळ जो असेल त्याला उघडायला लावतात. "खोला शालिकभाऊ, तुमचा मान." मी हा मान बरीच वर्षं मोठ्या ऐटीत घेत आलो.

एकदाच त्यांनी काट्याचं मनावर घेतलं, आणि भोगलं ते मी. तिरोड्याकडच्या एका गावात लग्न होतं. बिछायत सकाळीच पोहोचायला हवी होती. काटा फुल होता, कामटी घरी राहिली होती, आणि झनकभाऊ त्या दिवशी खुशीत होते. अर्ध्या वाटेत गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि धानाच्या बांध्यांच्या मधोमध उभी राहिली. मी कपाळाला हात लावून बसलो. तेवढ्यात मागून त्याच लग्नाची बरात आली. त्यांना नवरीच्या घरी जायचं होतं आणि त्यांच्या बसायच्या खुर्च्या आमच्या गाडीत होत्या. शेवटी नवरदेव सोडून सगळ्यांनी गाडीला खांदे लावले. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं नाही. बरातीच्या आधी पोहोचायची बिछायत बरातीच्या पुढे, वाजतगाजत गावात शिरली. नवरीचा मामा आरतीचं ताट घेऊन उभा होता, त्यानं गोंधळून गाडीलाच ओवाळलं. झनकभाऊंनी खिडकीतून हात जोडले. मला म्हणाले, "पाहा, मान गाडीचा हाये." मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

काट्यांचा हा संशय त्यांनी गाडीपुरता ठेवला असता तरी चाललं असतं. पण दवाखान्यात डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून बीपी जास्त आहे म्हणून सांगितलं, तर हे म्हणतात, "डाक्टरसाहेब, एकदा अर्थिंग पाहून घ्या." धान मोजायला नेलं की वजनकाट्यालाही टपली मारतात, आणि तिथला माणूस दरवेळी अंगावर येतो. घरात तर विचारू नका. एकदा आम्ही ओट्यावर बसलो असताना मला हळूच म्हणाले, "तुमच्या वहिनीचा काटा आज लाल पट्टीत हाये." पारबतावहिनी आतून म्हणाल्या, "अना तुमचा त टपली मारल्याबिगर जागचा हालत नाही." हा निवाडा झनकभाऊंनी निमूट मान्य केला.

गंमत अशी की बिघाड शोधण्यात हा माणूस वाकबगार आहे. दुसऱ्याच्या गाडीचा काटा बिघडला की झनकभाऊ आपणहून जातात, बॉनेटवर हात ठेवतात आणि वैद्यासारखे डोळे मिटतात. मग सांगतात, "एक काटा बिघडला त त्याच्या घरी पाहाचं. सारे संगच बिघडले त मुळात पाहाचं." म्हणजे नुसता डिझेलचा काटा खोटं बोलत असेल तर टाकीवरची वायर काढून गाडीच्या पत्र्याला टेकवायची. काटा सर्रकन फुलवर गेला तर मीटर निर्दोष, टाकीतला फ्लोट गुन्हेगार. पण सगळेच काटे एकदम वेडेवाकडे वागायला लागले तर आधी फ्यूज पाहायचा, आणि तो शाबूत असेल तर डॅशबोर्डाखाली हात घालून अर्थिंगचा नट पाहायचा. मीटरची काळी वायर तिथे गाडीच्या अंगाला बांधलेली असते. तो नट ढिला झाला, किंवा खाली गंज चढला, की साऱ्या काट्यांचं डोकं फिरतं.

हे सगळं त्यांना पाठ. मुर्रीतल्या निम्म्या ट्रॅक्टरांचे काटे त्यांनी सरळ केले आहेत. मग स्वतःच्या गाडीचे का नाही? मी हे अनेकदा विचारलं. उत्तर ठरलेलं. "आपल्या पोराले आपण सुई देत नाही, शालिकभाऊ. त्याच्यासाठी मिस्त्री लागते." आणि तो मिस्त्री म्हणजे कामठ्याचा खेमलाल. गोंदियात वायरिंगवाल्यांची रांगच्या रांग आहे. मी एकदा त्यांना ओढत एकाकडे नेलंही. त्यानं आत डोकावून सांगितलं, "चाचा, पूरा मीटर नया डालो, झंझट खतम." झनकभाऊ म्हणाले, "झंझट खतम झाली त मंग राहिलं काय?" आणि गाडी वळवून थेट कामठ्याचा रस्ता धरला.

हा खेमलाल म्हणजे झनकभाऊंचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांचं बोलणं बंद आहे.

भांडणाचं कारण सांगायला मी लायक माणूस आहे, कारण ते माझ्याच मंडपात झालं. आमच्याकडे घरात लग्न निघालं की पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी थोरल्या भावाला. ती धाकट्यानं बायकोसोबत जाऊन, हळद-कुंकवाचे तांदूळ देऊन, स्वतःच्या हातानं द्यायची. खेमलालच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा त्याच्या डोक्यावर लग्नघाईचा डोंगर होता. त्यानं थोरल्याची पत्रिका बाकीच्या पत्रिकांसोबत एका भाच्याच्या मोटरसायकलवर रवाना केली. भाचा आला तेव्हा झनकभाऊ घरी नव्हते. त्यानं पत्रिका दाराच्या कडीत खोचली आणि पुढच्या गावाला गेला.

झनकभाऊंनी ती कडी मला येऊन दाखवली होती. जणू तिथे चोरी झाली होती. "थोरल्या भावाले कडीत अडकवलं," एवढंच म्हणाले. लग्नाला मात्र गेले. घरच्यांच्यात उभे राहिले नाहीत, पंगतीच्या टोकाला परक्यासारखे बसून जेवले. हात धुतले आणि भर मंडपात खेमलालसमोर उभे राहून म्हणाले, "पाहुणा म्हणून बलावलं, पाहुणा म्हणून जेवलो. आता या घराचा उंबरठा मी चढणार नाही." मी तेव्हा वरणाचा रिकामा गंज उचलून उभा होतो. तो खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

आता शब्द म्हणजे शब्द. पण खेमलालचं दुकान त्याच्या घराला लागून टिनाच्या शेडमध्ये आहे, आणि शेडला उंबरठा नाही. त्यामुळे झनकभाऊंचा शब्दही राहतो आणि गाडीही दुरुस्त होते. हा कायदा त्यांनी स्वतःच शोधून काढलेला आहे.

तिथे काय चालतं ते एकदा पाहावं. मी सोबत असलो की माझे हाल असतात. पिकअप शेडमध्ये शिरते. झनकभाऊ खाली उतरत नाहीत, स्टिअरिंगमागे बसून समोर पाहतात. खेमलाल पाना घेऊन येतो, तो माझ्याकडे पाहतो.

"गाडीवाल्याले विचारा, काटे कवापासून पडले?"

गाडीवाला हाताच्या अंतरावर बसलेला असतो. मला म्हणतो, "मिस्त्रीले सांगा, कालपासून."

"लाईट लावल्यावर उठते का, ते विचारा."

"उठते म्हणा. इंडिकेटरवर नाचते बी म्हणा."

"मंग अर्थिंगच असन, सांगा त्याले."

"ते आमालेबी समजते म्हणा."

मी सोबत नसेन तेव्हा काय करत असतील, हा प्रश्न मला पडायचा. पुढे कळलं की तेव्हा दोघंही गाडीशी बोलतात. खेमलाल डॅशबोर्डाखाली डोकं घालून म्हणतो, "काय वं बाई, गुडघा कसा हाये म्हणा मालकाचा?" आणि झनकभाऊ स्टिअरिंगला सांगतात, "बरा हाये म्हणा. धान कसं झालं मिस्त्रीचं?" मधेच घरातून चहा येतो. झनकभाऊ तो सीटवर बसून पितात, कारण दुकानातला चहा गिऱ्हाइकाला चालतो. नट आवळला जातो, काटे सरळ होतात, गाडी मुर्रीला येते. आठवडा पंधरवड्यात काटे पुन्हा पडतात. मी खेमलालला मनातल्या मनात हजार शिव्या घातल्या आहेत. एक नट या माणसाला नीट आवळता येत नाही, आणि पाटी लावतो ऑटो इलेक्ट्रिकलची.

हे असंच चालत राहिलं असतं. पण यंदा पावसाळा संपता संपता गाडी तिरोड्याच्या रस्त्यावर तापली. रेडिएटरचं पाणी संपलं होतं आणि गरमीचा काटा निवांत झोपला होता. झनकभाऊ भर उन्हात बाभळीखाली बसून राहिले, कुणाचा फोन लागेना. झनकभाऊंचा मुलगा योगराज तिरोड्याच्या वीज प्रकल्पात कामाला आहे. त्याला हे कळलं तेव्हा तो धावत आला. पोरगा शांत, बापावर जीव टाकणारा. आवाज न चढवता म्हणाला, "बाबा, मी मंडईले येतो. गाडी सोता चालवून पाहीन. काटे बरोबर असले त गाडी राहू द्या. नसले त इकून टाकू. मी गिऱ्हाईक पाहून ठेवलं हाये. तुमी एकटे रस्त्यावर बसून राहता, मले तिकडं झोप येत नाही."

पारबतावहिनींनी मुलाच्या बाजूनं मान डोलावली. मीही डोलावली. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, तेव्हा बिछायतीला मागणी असते, आणि धड काटे असलेली गाडी कुणाला नको होती? पण झनकभाऊंचं खाणंपिणं उडालं. वहिनी म्हणाल्या, "लाखोळीच्या डाळीचे वडे केले त तेबी तसेच ठेवले." हे मात्र गंभीर होतं. हा माणूस तापातही वडे सोडत नाही.

मंडई दोन दिवसांवर आली. मी सकाळी खुर्च्या मोजून त्यांच्या अंगणात गेलो तर पिकअपचं दार उघडं, आणि दारातून झनकभाऊंचे फक्त पाय बाहेर. बाकीचे झनकभाऊ डॅशबोर्डाखाली. मला वाटलं, अखेर यांनी स्वतःच दुरुस्ती हाती घेतली. मी वाकून पाहिलं. ते नट उलटा फिरवत होते.

"झनकभाऊ, हे काय करून राहिले?"

ते हळूहळू बाहेर आले. केसांना जाळं लागलं होतं. चोरी पकडली गेल्यावर माणूस खोटं बोलतो, पण यांना ते सुचलं नाही.

"नट ढिल्ला करून राहिलो."

"ढिला? परवा योगराज येऊन राहिला ना?"

"मालूम हाये."

"मग काऊन?"

झनकभाऊ पायरीवर टेकले. दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "शालिकभाऊ, नट पक्का राहिला त मी कामठ्याले कायले जाऊ?"

मला एका झटक्यात सगळ्या पडलेल्या काट्यांचा हिशेब लागला. आपला खेमलाल बिचारा निर्दोष होता.

"भाऊ आहे तुमचा," मी शेवटी म्हणालो, "असेच जा ना."

"असाच कसा जाऊ? साऱ्या मंडपासमोर बोललो मी. गाडी बिघडली म्हणून जाता येते. भावाले भेटाले म्हणून आता कसं जाता येते?" ते जमिनीकडे पाहत बोलत होते. "नव्या गाड्या त्याच्याकडं येत नाहीत. दिवसभर रस्त्याकडं पाहत बसते तो. मी गेलो त घंटाभर बोलते तरी. माझ्याशी नाही बोलत, गाडीशी बोलते. पण मी आयकतो ना."

मला आधी राग आला, हे खरं सांगतो. माझ्या खुर्च्या आणि माझे गंज इतकी वर्षं दोन म्हाताऱ्यांच्या रुसव्यावर हिंदकळत होते. पण तो राग टिकेना. समोर बसलेला माणूस नट पक्का करून घेतला तर भावाला मुकणार होता आणि ढिला ठेवला तर गाडीला, आणि गाडीसोबत पुन्हा भावालाच. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. मला त्यांची फार दया आली.

झनकभाऊंनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. "तुमीच घेऊन जा. पक्का आवळ म्हणा त्याले. योगराजच्या जिवाले घोर नको. मी नाही येत. माझ्यानं पाहावणार नाही."

मी कामठ्याला गेलो. शेडमध्ये गाडी शिरली तसा खेमलाल उठला. स्टिअरिंगमागे मी दिसलो आणि त्याचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच त्यानं मला दुसऱ्या कुणाला विचारायला न सांगता थेट विचारलं.

"दादा काऊन नाही आला? तब्येत बरी हाये ना?"

मी त्याला सगळं सांगून टाकलं. योगराजची अट सांगितली, मंडईचा दिवस सांगितला. नट कोण ढिला करतं हे सांगताना मात्र जरा अडखळलो. भावाची चुगली केल्यासारखं वाटत होतं. खेमलालनं ऐकून घेतलं आणि पाना बाजूला ठेवला.

"मले मालूम हाये," तो म्हणाला.

"काय मालूम आहे?"

"तो सोडते ते. मी आवळलेला नट आपोआप कायले सुटते, भाऊ? पहिले पहिले मी पान्यानं पक्का आवळून देत होतो. गाडी वापस आली त नटाचे कोने घासलेले दिसत. समजलं, हा दादाचा हात हाये. बोललो नाही. मंग एकदा आला त अंगठ्याले ही एवढी पट्टी."

ती पट्टी मला आठवली. काय झालं म्हणून मी विचारलं होतं, तर म्हणाले होते, गाडीनं चावलं.

"पाना सटकला होता," खेमलाल म्हणाला. "त्याच्या बोटांत आता जोर नाही राहिला. सांधे धरते. कोणाले सांगत नाही तो. तवापासून मी पाना लावतच नाही. वायसर बी काढून टाकला. नुसता हातानं बसवतो, बोटानं सुटला पाहिजे असा."

मी टाकीच्या झाकणाकडे पाहिलं. इतकी वर्षं मी ज्याला मान समजत होतो, ते काय होतं हे माझ्या आता लक्षात आलं. त्या शेडमध्ये मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. ज्या माणसाला मी हजार शिव्या घातल्या, तो काम वाईट करत नव्हता. भावाच्या दुखऱ्या बोटांच्या मापानं करत होता.

"मग तूच कधी का नाही गेलास मुर्रीला?" मी विचारलं.

"चूक माझीच होती ना. पत्रिका मीच धाडली होती दुसऱ्याच्या हातानं. गेलो अना त्यानं मले पाहून दार लावलं त? इथं तो येते त खरा. तेवढंबी जाईन म्हणून भ्यालो."

मग त्यानं आतून एक डबा आणला आणि त्यातून स्प्रिंगचा वायसर शोधून काढला. काळ्या वायरचं टोक पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केलं, नटाखालचा पत्राही घासला. नट बसवला आणि पान्यावर सगळा भार देऊन आवळला. किल्ली फिरवली. डिझेलचा काटा खरं बोलला. लाईट लावले, तो जागचा हलला नाही. इंडिकेटर दिला, कुणी नाचलं नाही. इंजिन तापत गेलं तसा गरमीचा काटाही वर चढला आणि मधोमध येऊन थांबला. मला दुसऱ्याच कुणाच्या गाडीत बसल्यासारखं वाटलं.

खेमलालनं रॉकेलनं हात धुतले. मग साबणानं धुतले. "रोडवर चालवून पाहावं लागीन," तो म्हणाला.

"पाहा की."

"मुर्रीपावतर."

मी नुसती मान हलवली. तो घरात गेला आणि धुतलेला शर्ट घालून आला. बायकोला काय सांगितलं माहीत नाही, ती रस्त्यापर्यंत आली आणि गाडी वळेपर्यंत उभी राहिली. खेमलालनं सारा रस्ता काट्यांकडे पाहत गाडी चालवली. गोंदिया ओलांडताना मात्र दोनदा विचारलं, "दादा घरीच असन ना?" मी म्हणालो, घरीच आहेत, जातात कुठे, गाडी तर तुझ्याकडे आहे.

योगराजचं इथेच सांगून टाकतो. तो मंडईच्या दिवशी आला, आईला शेजारी बसवून गाडी चालवून आला आणि त्यानं त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. गाडी आजही कडुनिंबाखाली उभी असते आणि माझ्या खुर्च्या वेळेवर पोहोचतात. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या दोन दिवस आधीचं, आम्ही मुर्रीला पोहोचलो तेव्हाचं.

झनकभाऊ अंगणात बाजेवर बसले होते. गाडीचा आवाज ऐकून उठले. ड्रायव्हरच्या बाजूनं मी उतरेन अशी त्यांची समजूत होती, उतरला खेमलाल. झनकभाऊ जागच्या जागी थांबले. खेमलाल दाराला हात लावून उभा राहिला, आत येऊ की नको अशा बेतानं. पारबतावहिनी दारात आल्या, दिराला पाहिलं, आणि लगबगीनं आत पाणी आणायला गेल्या. मला तिथून निघून जायला हवं होतं, पण पाय निघेना.

झनकभाऊ गाडीपाशी आले. भावाच्या अगदी जवळून, त्याच्याकडे न पाहता आत वाकले आणि डॅशबोर्डाखाली हात घातला. नटापर्यंत त्यांची बोटं सवयीनं गेली असणार. बराच वेळ ते तसेच वाकून होते. मग हात बाहेर काढला आणि अंगठा चोळत राहिले.

"पक्का आवळला?"

"पक्का," खेमलाल म्हणाला. "वायसर टाकून."

"माझ्यानं सुटत नाही आता."

"सुटू नये म्हणूनच आवळला, दादा."

झनकभाऊंनी मान वर करून धाकट्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. "मंग आता?"

"आता मी येत जाईन," खेमलाल म्हणाला.